कटऑफ आधी ठरवा

चाचणीच्या अभ्यासाचा आधी लिहिलेला आराखडा, म्हणजे प्रोटोकॉल, हे एथिक्स कमिटीच्या समाधानासाठी भरलेले कागद, चाचणी चांगली असली की आपोआप सिद्ध होते, असे मानणारे डॉक्टर आणि किटविक्रेते पुष्कळ आहेत. त्यांनी क्षयरोगाच्या रक्तचाचण्या आठवाव्यात. रक्तातली प्रतिपिंडे पाहून क्षय ओळखणाऱ्या या चाचण्यांवर निबंधांचा तुटवडा नव्हता. तरीही जुलै 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असे बजावले आणि जून 2012 मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली.

मग त्या निबंधांतले गोंडस आकडे आले कुठून? त्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. एका बाजूला थुंकीत जंतूच जंतू असलेले पक्के रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत रक्तदाते घेतले, की काम झाले. एवढा फरक ओपीडीच्या दारातला शिपाईही सांगेल! चाचणी हवी असते ती आठवडेन् आठवडे खोकणाऱ्या, एक्स-रे धूसर आलेल्या माणसासाठी. म्हणून 'खोकला घेऊन ओळीने येणारा प्रत्येक प्रौढ घेऊ, निवडानिवड करणार नाही' हे वाक्य पहिला नमुना घेण्याआधी लिहून ठेवावे लागते. कटऑफचे, म्हणजे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांमधल्या रेघेचेही तेच. आकडे हाती आल्यावर सोयीची रेघ ओढली, तर कुठलीही चाचणी देखणी दिसते.

बरे, 90 टक्के क्षयरोगी आणि क्षय नसलेले 90 टक्के अचूक ओळखणारी चाचणी मिळाली असे धरू. हजार खोकणाऱ्यांत 50 क्षयरोगी असतील, तर ती 45 जणांना पकडेल आणि क्षय नसलेल्या 95 जणांनाही पॉझिटिव्ह ठरवेल. चाचणी कोणत्या दाराशी वापरायची, हे प्रोटोकॉलमध्ये नसेल तर '90 टक्के' या शब्दांना अर्थच उरत नाही.

किटचा निकाल कल्चरशी, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून पाहण्याशी, ताडायचा म्हटले की ऐकू येते: 'कल्चरला सहा आठवडे लागतात, आमच्या गर्दीत कोण थांबणार?' हा आक्षेप वजनदार आहे, पण चुकीच्या जागी ठेवलेला. रुग्णाचे उपचार थांबवायचे नसतात. थांबायचे असते ते चाचणीबद्दलच्या निवाड्याने. कल्चर वाचणाऱ्याला किटचा निकाल कळू द्यायचा नाही, एवढी शिस्त गर्दीतही पाळता येते.

बहुतेक प्रोटोकॉल जुन्या फाइलवरून उतरवलेले असतात, हेही खरे. त्यांत नमुनासंख्या उसनी असते आणि रक्त गोठले, पट्टीवर रेघच उमटली नाही, अशा निकालांचे काय करायचे याबद्दल चकार शब्द नसतो. ते निकाल मग गुपचूप वगळले जातात आणि टक्केवारी वर सरकते.