एका दुरुस्तीमागची मोडतोड

जुनं पिस्तूल हाती आलं की आपल्या क्षेत्रात पहिला प्रश्न ठरलेला असतो: नीट करून उभं करायचं की सुटं करून विकायचं? नुसता पैशांचा हिशेब मांडला तर सुटं करणं पुष्कळदा परवडतं. गंजलेल्या, मुठीची फळी तडकलेल्या लुगरला अख्खं म्हणून जो भाव येतो, त्याहून जास्त पैसे तिची मॅगझीन, फळ्या आणि आतले बारीक भाग वेगवेगळे विकून मिळू शकतात. म्हणून आपल्या मंडळींत एक वाटणी होऊन बसली आहे: दुरुस्ती करणारा तो जपणारा आणि सुटं करणारा तो नासधूस करणारा. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. सुटे भाग विकत घेतं कोण? दुरुस्ती करणाराच. जर्मन लष्करी लुगरच्या लहानसहान भागांवरही क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात आणि नेमके तेच आकडे असलेला भाग मिळावा म्हणून दाम मोजणारे आहेत. ते आहेत तोवर धडधाकट पिस्तुलं उघडली जाणारच.

अमेरिकेतल्या कोल्टच्या १८७३ सालच्या ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हरचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. घोडदळाला दिलेल्या या हत्याराची नळी साडेसात इंची होती. १८९० नंतरच्या दशकात लष्कराने ही हत्यारं परत घेऊन स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात आणि कोल्टच्या कारखान्यात दुरुस्त करवली, नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या. सांगाडा, चापाचं कडं आणि मुठीची मागची पट्टी या तिन्हींवर क्रमांक असतो. पण जोडणी करताना ते जुळवत कुणी बसलं नाही. हाताला आला तो भाग बसवला. या हत्यारांना आज ‘आर्टिलरी’ म्हणतात. १८९८च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात ती वापरली गेली. त्यांचे क्रमांक बहुधा एकमेकांशी जुळत नाहीत आणि हे न जुळणं हीच त्यांच्या अस्सलपणाची खूण आहे. आता हा ‘दोष’ काढून अशा एखाद्या रिव्हॉल्व्हरला पुन्हा घोडदळाचं करायचं असं कुणी मनात आणलं, तर त्याला साडेसात इंची जुनी नळी लागेल, जुळत्या क्रमांकाचं कडं लागेल, पट्टी लागेल. ते सगळं दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या कोल्टमधून निघणार. काम संपल्यावर एक चकचकीत वस्तू उरेल, पण दोन हत्यारांचा इतिहास पुसलेला असेल.

चकमकीच्या पिस्तुलांचीही तीच कथा. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं आणि पुढे तांब्याची टोपी आली. लोकांनी चकमकीची पिस्तुलं टाकून दिली नाहीत. चकमक धरणारा घोडा, रंजकाची वाटी आणि ठिणगी पाडणारी पोलादी झडप काढली, नवा घोडा नि टोपी बसवायची बोंडी लावली, आणि पिस्तूल पुढे वापरात राहिलं. मुकुट धरलेल्या सिंहाची खूण कोरलेलं कंपनी सरकारचं पिस्तूल या फेरफारासह समोर आलं, तर तो फेरफार म्हणजे त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध होय. चकमकीला भाव जास्त म्हणून ते पुन्हा चकमकीवर नेणं, त्यासाठी कान बुजवून नवा पाडणं, दुसऱ्या पिस्तुलाची झडप आणून लावणं, याला आम्ही दुरुस्ती म्हणणार नाही.

मग सुटं करूच नये का? करावं, पण फार थोड्या वेळा. नळी फुटलेली, सांगाडा तडकलेला, किंवा आगीत सापडून स्प्रिंगांसकट सगळ्या पोलादाचं पाणी उतरलेलं, अशा हत्याराचे भाग दुसऱ्याला उपयोगी पडले तर बिघडत नाही. तरीही क्रमांक आणि कारखान्याची खूण असलेला भाग वेगळा जपून ठेवावा. भाग आपले आपल्याशी असतील तर गंज कितीही असो, पिस्तूल अख्खंच राहू द्यावं. पसरणारा गंज थांबवावा, मेणाचा पातळ थर द्यावा, जुने स्क्रू जुनेच ठेवावेत. पॉलिशच्या चाकाखाली गेलेली खूण परत आणता येत नाही. आपल्या कामातली सर्वांत मोठी हानी या चाकानेच केली आहे.

आपल्याकडे कायदाही याच बाजूचा आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. तेव्हा ‘चालू करून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला कारागिराने आधी परवान्याचं विचारावं.

जाहिरातींबाबत आमच्याकडूनही एक बदल होत आहे. क्रमांक असलेल्या कोणत्याही सुट्या भागाची जाहिरात पुढील अंकापासून, मूळ हत्याराचा पूर्ण क्रमांक आणि सुटं करण्याआधीचा फोटो सोबत असल्याशिवाय घेतली जाणार नाही. दुरुस्त हत्याराच्या जाहिरातीत कोणते भाग बदलले आणि ते कुठून आणले, हे लिहावं लागेल. यामुळे जाहिरातींचं उत्पन्न घटेल, हे गृहीत धरूनच निर्णय घेतला आहे. आधी पाठवलेल्या जाहिरातींना ही माहिती जोडायची असल्यास ती महिनाअखेरपर्यंत कार्यालयात पोचवावी.