तीन रात्री, अकरा मजले

आमच्या मावळातल्या नवलाख उंबरे गावात सहलींची एक चढती भाजणी आहे. आधी अष्टविनायक, मग तिरुपती, मग केरळ आणि कुणाचा जमिनीचा व्यवहार झाला किंवा कुणी कंपनीतून व्हीआरएस घेतली, तर दुबई. अलीकडे केरळ आणि दुबईच्या मधे एक नवी पायरी बसली आहे. क्रूझ. मी जाऊन आल्याचं कळल्यापासून पारावर, दूध डेअरीवर आणि लग्नाच्या पंगतीत मला तेच तीन प्रश्न येतात. उलटी होते का? व्हेज मिळतं का? आणि मग आवाज खाली आणून, एकूण किती गेले?

आज या तिन्हींची उत्तरं देतो. पण जो प्रश्न कुणीच विचारत नाही, तो आधी. आपण चढणार ते जहाज आहे तरी कोणतं?

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ फ्रान्समधल्या सेंट नझेरच्या गोदीत बांधलं गेलं आणि १९९० मध्ये कामाला लागलं. तेव्हाचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. मायामीहून बहामा बेटांकडे तीन-चार रात्रींच्या छोट्या सहली न्यायच्या, याच हिशेबाने ते आखलेलं होतं. मधली काही वर्षं एका स्पॅनिश कंपनीकडे काढली. एप्रिल २०१७ मध्ये हे जहाज क्यूबात हवानाला लागलं आणि पुढची दोन वर्षं तिकडे जात राहिलं. जून २०१९ मध्ये अमेरिकेने तो रस्ता बंद केला. पाठोपाठ कोविड आला, जगभरची प्रवासी जहाजं नांगरून पडली आणि हे जहाज विकलं गेलं. सप्टेंबर २०२१ पासून ते मुंबईहून सुटतं आहे. म्हणजे कॅरिबियनला जायचं राहून गेलं असेल, तर फार हळहळू नका. तिथलं एक जहाज तुमच्याकडे चालत आलं आहे आणि काम तेच करतं आहे, तीन-चार रात्रींच्या फेऱ्या.

आमच्या गावाच्या माणसाला यात आणखी एक गंमत दिसते. २००८ मध्ये आमच्या शिवारात जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने शेवरोले गाड्या भारतात विकणं थांबवलं, तरी इथे बनणाऱ्या गाड्या बोटीत चढून मेक्सिकोला जात होत्या. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. ज्या सुमारास आमच्या गाड्यांचं तिकडे जाणं बंद झालं, त्याच सुमारास तिकडचं हे जहाज इकडे यायला निघालं. २०२३ मध्ये तो कारखाना ह्युंदाईने घेण्याचा करार केला, आणि जहाजाच्या डेकवर आता हिंदी गाणी वाजतात. जगाच्या व्यापारात कुणाची जुनी वस्तू कुणाकडे नवी म्हणून लागेल, सांगता येत नाही.

जहाज १९९० सालचं, त्यामुळे पहिली अपेक्षा आकाराची ठेवावी, आणि ती बेताची. मोबाइलवर जे व्हिडिओ फिरतात, ते ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या जहाजांचे असतात. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून सुरू झालेलं हे जहाज वीस मजली आहे आणि पूर्ण भरलं तर साडेसात हजारांवर प्रवासी नेतं. आपलं ‘एम्प्रेस’ अकरा मजल्यांचं, सुमारे २११ मीटर लांबीचं आणि अठराशेच्या आसपास प्रवाशांचं. जहाजाचे म्हणून जे टन सांगतात ते वजनाचे नसतात, आतल्या जागेच्या मापाचे असतात. त्या मापाने ‘एम्प्रेस’ साडेअठ्ठेचाळीस हजारांच्या घरात, तर ‘आयकॉन’ जवळजवळ अडीच लाख. पाचपटीचा फरक. घसरगुंड्यांचा डोंगर आणि झाडं लावलेली बाग शोधायला गेलात तर हिरमोड होईल.

पण मला हा मध्यम आकारच आवडला. दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत जिने पाठ होतात. आजी हरवल्या तर सापडतात. आणि कुठल्याही दारातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत कठडा आणि कठड्यापलीकडे समुद्र. अवाढव्य जहाजांवर गर्दी आतल्या चौकांकडे आणि बागांकडे खेचली जाते, समुद्र बाहेर राहतो. मध्यम जहाजावर तो टाळायचा म्हटलं तरी टळत नाही.

आता प्रत्यक्ष जाणं. पाऊस सरला की मुंबईचा हंगाम सुरू होतो. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हे जहाज चेन्नईच्या बाजूला जातं. मावळासाठी हे सोयीचं. पावसाळ्यात आपल्याकडे लावणी आणि लोणावळ्यात पाहुण्यांचा पूर, भातकापणी आणि झोडणी उरकली की आपण मोकळे. जहाज सुटतं बॅलार्ड पिअरहून. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. सीएसएमटीपासून टॅक्सीने ते जवळच पडतं. तळेगावहून सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसने जाता येतं, मात्र पासवाल्यांच्या गर्दीत मोठ्या बॅगा घेऊन चढणं ही समुद्रप्रवासापेक्षा अवघड गोष्ट आहे. चारचाकी केलीत तर एक्स्प्रेसवेवर घाटात अडकण्याची वेळ हिशेबात धरा. जहाज कुणासाठी थांबत नाही.

टर्मिनलवर कारभार विमानतळासारखा. ओळखपत्र, आधी भरलेला ऑनलाइन फॉर्म, बॅगांची तपासणी. मोठी बॅग खाली द्यायची, ती नंतर खोलीच्या दाराशी येते. ती यायला संध्याकाळही होते, म्हणून औषधं, चष्मा आणि बदलायचा एक जोड हातातल्या पिशवीत हवा. मग हातात एक कार्ड येतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट.

जहाज हलण्याआधी सगळ्यांना एका कवायतीला बोलावतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा, हा संकटाचा इशारा. तो ऐकला की कुठे जमायचं आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं हे दाखवतात. आपली मंडळी तेव्हा सेल्फी काढत असतात. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकाला घासून आडवं झालं, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते. ती अर्ध्या तासाची कवायत मन लावून करा, बाकी तीन दिवस काहीही करा.

खोली लहान असते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. दोन पलंग, वर दुमडलेले दोन बर्थ आणि अंग चोरून अंघोळ करावी एवढं न्हाणीघर. स्वस्तातली खोली आतल्या बाजूची, बिनखिडकीची. त्याहून महाग गोल किंवा चौकोनी खिडकीची, तीही न उघडणारी. बाल्कनीच्या खोल्या या जहाजावर मोजक्याच. झोपायलाच खोलीवर जाणार असाल तर आतली पुरे, पण खिडकीशिवाय जीव घाबरा होणाऱ्याने तिथे पैसे वाचवू नयेत. बहुतेक पाणी जहाजं समुद्राच्या पाण्यातूनच गोडं करून घेतात आणि संडासाची नळी हवेच्या ओढीवर चालते. तिच्यात कागदाशिवाय काही टाकलं, की शेजारच्या खोल्यांनाही त्याची फळं भोगावी लागतात.

आता पहिला प्रश्न, उलटी. जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डुलणं बरंच कमी करतात. हिवाळ्यात समुद्र शांत असेल तर बहुतेकांना काही होत नाही. ज्यांना बोरघाटात लिंबू हुंगावं लागतं, त्यांनी खोली घेताना खालचा मजला आणि जहाजाचा मध्य मागावा. तिथे हेलकावा सगळ्यांत कमी. एव्होमिनची गोळी आपल्याला एसटीच्या प्रवासामुळे ठाऊक आहेच. ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते आणि तिने झोप येते. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. पोट रिकामं ठेवू नका आणि मोबाइलमधून डोळे काढून क्षितिजाकडे लावा.

दुसरा प्रश्न, व्हेज. भरपूर मिळतं, जैन जेवणही मिळतं. नाश्त्यापासून रात्रीपर्यंत बुफे चालू, आणि पैसे आधीच भरलेले असल्याने माणसं वसूल करायच्या बेताने ताट भरतात. पहिल्या दिवशी सगळे असेच वागतात. तिसऱ्या दिवशी तेच लोक ताक शोधतात. भात मिळतो, पण वडगावच्या संशोधन केंद्रातून आलेल्या आपल्या इंद्रायणीची चव तिथे धुंडाळू नका. जेवायला जाताना दर वेळी साबणाने हात मात्र धुवा. शेकडो माणसं तेच चमचे हाताळतात आणि बंद जहाजावर पोटाचा एखादा विषाणू फार झपाट्याने फिरतो.

तिसरा प्रश्न पैशांचा. जाहिरातीतला आकडा हा सुरुवातीचा आकडा असतो. त्यावर बंदराचे आकार, जीएसटी आणि कर्मचाऱ्यांसाठीचं सेवाशुल्क चढतं, म्हणून बुक करताना शेवटचा आकडा लेखी मागा. बुफे, पोहण्याचा तलाव आणि बहुतेक करमणूक तिकिटात येते. दारू, खास हॉटेलातलं जेवण, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली आणि कॅसिनो यांचे पैसे वेगळे. कार्ड दाखवून सही करायची असते, नोट हातातून जात नाही, म्हणून खर्च जाणवत नाही. रोज रात्री काउंटरवर जाऊन बिल पाहावं. किनारा सुटला की फोन एअरप्लेन मोडवर टाका. जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क फोनने आपणहून पकडलं, तर त्याचं बिल घरी पोचल्यावर कळतं. फार महिने आधी पैसे भरतानाही जपून. २०१९ मध्ये मुंबईहून थाटात सुरू झालेलं ‘कर्णिका’ दीड वर्षाच्या आत, कोविडच्या तडाख्यात बंद पडलं आणि अलंगला तोडायला गेलं.

किनाऱ्याबद्दल एक इशारा. गोव्यात जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं, तिथे उतरणं सोपं. लक्षद्वीपला मात्र ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसांना लहान होड्यांतून बेटावर नेतात. कोकण बोटीने जयगड, देवगड, वेंगुर्ल्याला पडावात उतरलेल्या जुन्या चाकरमान्यांना हे नवं नाही. लाटा वाढल्या तर कप्तान उतरणं रद्द करतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ‘बेट बघायलाच आलो होतो’ म्हणून भांडणारे तिथे हटकून भेटतात.

माझं सांगणं इथेच आहे. हे जहाज तुम्हाला कुठे नेत नाही, तुम्ही जहाजावर जाता. लोणावळ्याला आपण दर पावसाळ्यात दोन प्रकारचे पाहुणे बघतो. एक भुशी, टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट, चिक्की असा सपाटा लावून रात्री ट्रॅफिकमध्ये चिडतो. दुसरा एकाच ठिकाणी भिजत बसतो आणि खूश होऊन जातो. जहाजावरही सकाळी योगा, दुपारी हाउजी, संध्याकाळी जादूचे प्रयोग, रात्री डीजे अशी यादी रोज हातात येते. ती सगळी पुरी करणारा दमून घरी येतो. त्यातले दोन कार्यक्रम निवडा आणि उरलेला वेळ कठड्याशी घालवा.

तिथे बघायला काय आहे? आपल्यासाठी तरी खूप. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले, त्यांत आपला लोहगड आहे आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्लेही आहेत. मुंबईहून गोव्याला जाणारं जहाज या चौघांच्या समोरून जातं. अडचण एवढीच, की ते संध्याकाळी सुटतं आणि किनाऱ्यापासून लांब राहतं, त्यामुळे तट-बुरूज दिसायचे नाहीत. पण निघाल्यावर डाव्या हाताला खांदेरीच्या दीपगृहाकडे नजर ठेवा. महाराजांनी १६७९ मध्ये ते बेट बांधायला घेतलं, तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना मराठ्यांच्या लहान होड्यांनी महिनोन्महिने झुंजवलं होतं. अकरा मजली जहाजावरून त्या पाण्याकडे बघताना त्या होड्यांची उंची लक्षात येते.

शेवटचं, तिथे काम करणाऱ्या माणसांबद्दल. खोली आवरणारा, ताट उचलणारा, लिफ्टपाशी हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारा, हे सगळे महिनोन्महिने घराबाहेर असतात. गोव्यातल्या तारवट्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या या नोकरीवर उभी राहिली, आता पुणे जिल्ह्यातली हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली पोरंही जातात. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे त्यांना आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. आठवड्याचे तास १६८, बाकी वजाबाकी तुम्ही करा. सुट्टीच्या दिवशी आपल्या बांधावर बाटल्या टाकून जाणाऱ्या पाहुण्यांना आपण मावळकर वर्षभर नावं ठेवतो. जहाजावर पाहुणे आपण असतो.

तेव्हा जरूर जा. कापणीनंतर जा, खालच्या मजल्यावरची मधली खोली घ्या आणि तीन रात्रींचं तिकीट काढा. कुणी सात रात्रींचं पॅकेज विकायला आला, तर त्याला चहा पाजा आणि पुढच्या वर्षी ये म्हणावं.