कारखाना महाडचा, भाव मुंबईचा

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायने तयार करणाऱ्या लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या कंपनीचे समभाग मार्च २०२१ मध्ये प्रथमच जनतेला विक्रीस निघाले. विक्री ६०० कोटी रुपयांची होती आणि भाव प्रत्येकी १३० रुपये ठरला. उपलब्ध भागांच्या शंभरपटींहून अधिक मागणी आली. २५ मार्च रोजी शेअरबाजारात पहिला व्यवहार झाला तो १५५ रुपयांच्या आसपास. बिरवाडीच्या रस्त्याने कामावर जाणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने त्या दिवशी कारखान्यात काहीच बदलले नव्हते. मग १३० रुपये हा भाव ठरविला कोणी, आणि आठवडाभरात २५ रुपयांची वाढ आली कोठून? गुंतवणूक बँकिंग या व्यवसायाचे मर्म या प्रश्नांच्या उत्तरात आहे.

नेहमीची बँक लोकांच्या ठेवी घेते व उद्योगांना कर्जे देते. कर्ज बुडाल्यास पहिला आघात बँकेला सोसावा लागतो. गुंतवणूक बँक, जिला आपल्या कायद्यात ‘मर्चंट बँकर’ म्हणतात, ती भागविक्रीच्या व्यवहारात मध्यस्थ असते. कंपनीचे मोल आजमावणे, माहितीपत्रक तयार करणे, ‘सेबी’च्या अटींची पूर्तता करणे आणि ग्राहक मिळविणे ही तिची कामे. भारतात या व्यवसायाचा आरंभ १९६७ मध्ये ग्रिंडलेज बँकेने केला. १९७२ मध्ये स्टेट बँकही त्यात उतरली. मात्र १९९२ पर्यंत भागविक्रीची किंमत दिल्लीतील नियंत्रकाच्या संमतीने ठरत असे. त्या वर्षी हे नियंत्रण संपुष्टात आले आणि किमतीचा निर्णय कंपनी व तिचा मर्चंट बँकर यांच्या हाती गेला.

भांडवलबाजार म्हणजे केवळ धनिकांचा जुगार, असे मानणे अन्यायाचे होईल. अल्प मुदतीच्या ठेवींवर दीर्घ मुदतीची कामे उभी राहत नाहीत. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात केंद्र सरकार आणि चार राज्ये भागीदार होती. तरीही भांडवलाचा मोठा हिस्सा रोखे विकूनच उभारावा लागला. महाडचा प्रवासी आज वीर स्थानकावर उतरतो, त्यामागे अशा रोखेधारकांची बचत आहे. दूरच्या बचतीची दूरच्या गरजेशी गाठ घालणे हे या बाजाराचे खरे कार्य होय.

परंतु या मध्यस्थाचे शुल्क विक्रेता देतो, हे विसरून चालणार नाही. महाडच्या कंपनीच्या विक्रीतील निम्मी रक्कम, म्हणजे ३०० कोटी रुपये, नव्या भागांची होती. ती कंपनीकडे आली आणि महाडच्या कारखान्याचा विस्तार, कर्जफेड व पोलादपूर ओलांडून कशेडी घाटापलीकडे असलेल्या लोटे परशुराम येथील प्रकल्प अशा कामांसाठी योजिली गेली. उरलेले ३०० कोटी रुपये प्रवर्तकांच्या न्यासाने आपल्या मालकीचे जुने भाग विकून मिळविले; त्यातील एक रुपयाही कारखान्यात यावयाचा नव्हता. यात गैर काही नाही आणि माहितीपत्रकात ते स्पष्ट लिहिलेले होते. तथापि ‘उद्योगाला भांडवल दिले’ अशा समजुतीने अर्ज करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचले असेल?

आता २५ रुपयांच्या वाढीचा हिशेब पाहू. सुमारे ४ कोटी ६० लाख भागांवर ही वाढ ११५ कोटी रुपयांच्या घरात जाते. विक्रेत्यांना न मिळालेली ही रक्कम खरेदीदारांच्या पदरी पडली. बडे खरेदीदार हे मर्चंट बँकरचे नित्याचे ग्राहक असल्याने भाव किंचित कमी ठेवण्याचा मोह त्याला होऊ शकतो. उलट अधिक शुल्काच्या आशेने भाव चढा ठेवण्याचाही. पहिल्या दिवसाचा भाव हाच खरा, असेही नव्हे. याच भागाचा भाव त्या वर्षी कितीतरी पट चढला आणि पुढे बराच उतरला.

लहान गुंतवणूकदाराची अडचण वेगळीच आहे. विक्री आकर्षक असली की मागणी अफाट होते आणि भागवाटप चिठ्ठ्या टाकून होते. त्याची चिठ्ठी बहुधा निघत नाही. विक्री निकृष्ट असली की जाणकार दूर राहतात आणि मागितलेले सारे भाग त्याच्या गळ्यात पडतात. डीमॅट खात्यांची संख्या २०२५ मध्ये वीस कोटींपलीकडे गेली आहे. पोलादपूरचा शिक्षक किंवा महाडच्या कचेरीतील कारकून आता घरबसल्या अर्ज करू शकतो; पण अर्ज सुलभ झाला म्हणून निर्णय सुलभ होत नाही.

विक्रीचा पैसा कंपनीला की जुन्या मालकाला, तो कोणत्या कामासाठी, आणि धोके कोणते, एवढे तीन प्रश्न अर्जापूर्वी माहितीपत्रकाला विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाबाबत स्थानिक माणूस मुंबईच्या तज्ज्ञाहून मागे नाही. सावित्रीचा पूर महाडने २००५ मध्ये पाहिला होता. भागविक्रीनंतर चार महिन्यांत, जुलै २०२१ मध्ये, तो पुन्हा आला. कारखान्याचे मोल मुंबईत ठरते खरे. पण त्या मोलामागील पाणी, रस्ता आणि माणसे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनी माहितीपत्रक न वाचताच सही करावी, याइतके महाग अज्ञान दुसरे नाही.