कोणत्या टेकडीवर चढावे?

नौपाडा हा ठाण्यातील जुन्या वस्तीचा भाग. सकाळच्या प्रहरी गोखले रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले, की माणसांचा एक अखंड ओघ ठाणे स्थानकाकडे वाहताना दिसतो. कोणाच्या हाती जेवणाचा डबा असतो, कोणाच्या खांद्याला पिशवी असते आणि प्रत्येकाचे लक्ष घड्याळाकडे असते. ही सारी मंडळी मुंबईस कामाला निघालेली असतात. दिवेलागणीच्या सुमारास हाच ओघ थकल्या पावलांनी घराकडे वळतो. नौपाड्यातील पुष्कळ मुलांना मुंबई ठाऊक असते ती अशी : आईवडिलांना सकाळी घेऊन जाणारी आणि रात्री परत आणून देणारी नगरी.

म्हणूनच ‘मुंबई पाहावयास जावयाचे’ असे ठरले, की घरात आनंदाला भरते येते. पण त्याबरोबरच एक वादही उभा राहतो. दिवस एकच, पाय दोनच, आणि पाहावयाचे तर पुष्कळ! शहर उंचावरून पाहिले पाहिजे, याबद्दल दुमत नसते. पण कोणत्या उंचीवरून? “मलबार टेकडीवर जाऊ, तिथे म्हातारीचा बूट आहे,” असे धाकटी मुले म्हणतात. “माझगावच्या टेकडीवर जाऊ, तिथून जहाजे दिसतात,” असे एखादे मूल सुचविते. त्यावर इतर मुले विचारतात, “पण तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?” प्रश्न लहान आहे, परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे ‘पाहणे’ कशाला म्हणावे, याचाच विचार करावा लागतो.

जगातील अनेक मोठ्या शहरांत प्रेक्षकांना वर नेऊन शहर दाखविणारे मनोरे आहेत. मुंबईत उंच इमारतींना तोटा नाही. पण अशा मनोऱ्यांची उणीव आहे. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याची उंची सुमारे ८५ मीटर आहे आणि एके काळी त्याच्याएवढी उंच इमारत शहरात दुसरी नव्हती. परंतु सर्वसामान्य प्रेक्षकांना आज त्यावर चढता येत नाही. तेव्हा मनोऱ्याचे काम टेकड्यांनाच करावे लागते. दक्षिण मुंबईत अशा दोन टेकड्या आमोरासमोर आहेत : पश्चिमेस मलबार टेकडी व पूर्वेस माझगावची टेकडी.

मलबार टेकडीची थोरवी कोणीही मान्य करील. दोहोंत तीच अधिक उंच व अधिक प्रसिद्ध. तिच्यावर फिरोजशहा मेहता उद्यान आहे. लोक त्याला हँगिंग गार्डन म्हणतात. त्याच्यासमोर कमला नेहरू उद्यान असून त्यातील बुटाच्या आकाराचे घर मुलांचे फार लाडके आहे. तेथील कठड्याशी उभे राहिले, की गिरगावची चौपाटी व मरीन ड्राइव्हचा धनुष्याकृती रस्ता दृष्टीस पडतो. सायंकाळी त्या रस्त्यावरचे दिवे लागतात, तेव्हा समुद्राच्या गळ्यात कोणी तेजस्वी हार घातला आहे, असा भास होतो. त्या शोभेला लोकांनी ‘राणीचा रत्नहार’ हे नाव दिले, ते उगीच नव्हे.

माझगावच्या टेकडीचा थाट असा नाही. पूर्वी मुंबई सात बेटांची होती, त्यांपैकी माझगाव हे एक बेट. तेथील भंडारवाडा टेकडीवर एके काळी किल्ला होता. आज तेथे जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. बॅप्टिस्टा हे माझगावचेच सुपुत्र. लोक त्यांना प्रेमाने ‘काका’ म्हणत. ते लोकमान्य टिळकांचे स्नेही होते. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष काका बॅप्टिस्टाच होते. कामगारांच्या चळवळीतही त्यांनी मोठा भाग घेतला. हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकाला लागूनच ही टेकडी आहे. वर गेल्यावर पूर्वेकडे बंदराचे पाणी, गोदीतील उंच याऱ्या, बांधली जात असलेली जहाजे, गुदामांची पत्र्याची छपरे आणि पायथ्याशी धावणाऱ्या लोकलगाड्या दिसतात. येथे रत्नहार नाही. येथे लोखंड आहे, घाम आहे, काम आहे.

आता निवड कशी करावी? पुष्कळ लोक जी जागा अधिक उंच तीच अधिक चांगली मानतात. परंतु उंची हे काही पाहण्याचे माप नव्हे. न्यूयॉर्क शहरात एम्पायर स्टेट ही १०२ मजल्यांची इमारत आहे. ती १९३१ मध्ये पूर्ण झाली व पुढे अनेक वर्षे जगात सर्वांत उंच होती. त्याच शहरात रॉकफेलर सेंटरची ७० मजली इमारत आहे. दोहोंच्या माथ्यावरून शहर पाहण्याची सोय आहे. तरीही कित्येक चोखंदळ प्रवासी दुसरीवर, म्हणजे ठेंगणीवर, चढणे पसंत करतात. कारण सरळ आहे. एम्पायर स्टेटवर उभे राहिलेल्या मनुष्याला सारे शहर दिसते, पण खुद्द एम्पायर स्टेट दिसत नाही! पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याविषयीही अशीच एक गमतीची गोष्ट सांगतात. मोपासाँ नावाच्या फ्रेंच लेखकाला तो मनोरा मुळीच आवडत नसे. तरीही तो त्या मनोऱ्यातील उपाहारगृहात जेवावयास जाई. कोणी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की पॅरिसमध्ये जेथून हा मनोरा दिसत नाही अशी हीच एक जागा आहे! गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातील मर्म खरे आहे. प्रत्येक उंची काही दाखविते आणि काही झाकते. म्हणून ‘किती उंच?’ या प्रश्नाआधी ‘येथून काय दिसते?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

त्याच्याही पुढचा एक प्रश्न आहे : ‘जे येथून दिसते, ते खाली राहून दिसले नसते काय?’ या कसोटीवर दोन्ही टेकड्या घासून पाहाव्यात. मलबार टेकडीवरून दिसणारी चौपाटी सर्वांना मोकळी आहे. तिच्या वाळूत मुलांना खेळता येते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर कोणीही बसावे, लाटांचे तुषार अंगावर घ्यावेत. तेथे कोणी अडवीत नाही. बसच्या खिडकीतूनही ती सारी शोभा डोळ्यांत साठविता येते. माझगावची गोष्ट निराळी आहे. तेथील रस्त्याने चालणाऱ्याला दिसतात त्या उंच भिंती, बंद फाटके आणि पहारेकरी. भिंतीपलीकडे काय चालले आहे, हे त्याला कळत नाही. आणि सुरक्षिततेसाठी ते दार सर्वांना उघडे ठेवताही येत नाही. शहराचा जो भाग जमिनीवरून बंद आहे, तोच ही टेकडी उघडून दाखविते. उंचीचा खरा उपयोग येथे होतो. जे पायांना गाठता येते, त्यासाठी टेकडी चढण्याचे अगत्य नाही. जे पायांना अडते, ते डोळ्यांना गाठून देणे हेच उंचीचे काम.

आणि त्या भिंतींआड पाहण्यासारखे काही नाही, असे कोण म्हणेल? माझगाव येथे १७७४ मध्ये एक लहानशी कोरडी गोदी बांधली गेली. तिच्यातून वाढत वाढत आजचा जहाजबांधणीचा कारखाना उभा राहिला. भारत सरकारने १९६० मध्ये तो आपल्या ताब्यात घेतला. भारतात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका ‘निलगिरी’ येथेच १९६८ मध्ये पाण्यात उतरली आणि १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. पुढे येथे पाणबुड्याही बांधल्या गेल्या. एका जहाजासाठी हजारो हात वर्षानुवर्षे राबतात. कोणी पत्रे कापतो, कोणी सांधे जोडतो, कोणी तारा ओढतो. जहाज पाण्यात उतरते त्या दिवशी लोक टाळ्या वाजवितात. पण त्यामागचे हात कोणाला दिसत नाहीत.

याच किनाऱ्यावर आणखी एक आठवण जागी आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १४ एप्रिल १९४४ रोजी, तेथील व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजाला आग लागली. त्या जहाजात कापसाचे गठ्ठे होते आणि स्फोटक दारूगोळाही होता. अग्निशमन दलाचे जवान आग विझवीत असतानाच प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मृत्यू पावली आणि आगीशी झुंजणारे साठांहून अधिक जवानही कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ती व्हिक्टोरिया गोदी पुढे भराव घालून बुजविण्यात आली. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले व पुष्कळसा व्यापार तिकडे गेला. जुन्या बंदरातील पूर्वीची गर्दी आज उरलेली नाही. तथापि मुंबई कशामुळे मोठी झाली, हे समजून घ्यावयाचे तर याच किनाऱ्याकडे पाहावे लागते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की मुले सहलीला जातात ती आनंदासाठी. त्यांना गुदामे व याऱ्या कशाला दाखवाव्यात? सौंदर्य पाहण्याने मन मोठे होत नाही काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. सौंदर्याची ओढ ही काही उणीव नव्हे. जो सूर्यास्त पाहून थबकत नाही, तो जहाज पाहूनही थबकणार नाही. परंतु आनंद केवळ नटलेल्या वस्तूतच असतो, हे मानणे चूक आहे. अवजड भार अलगद उचलणारी यारी, भरतीच्या पाण्यावर डुलणारे जहाज, एकामागून एक धावणाऱ्या गाड्या, यांत मुलांचे मन तासन् तास रमते. शिवाय मरीन ड्राइव्हचा तो सुंदर रस्ता तरी आकाशातून पडला काय? समुद्र मागे हटवून, भराव घालून, मजुरांनीच ती जमीन निर्माण केली आहे. रत्नहार सर्वांना दिसतो. तो घडविणारा सोनार दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

या दोन्ही टेकड्यांत एक साम्य आहे आणि ते ठाणेकर मुलांनी अवश्य ध्यानात ठेवावे. दोन्ही टेकड्यांच्या पोटात पाण्याचे मोठे जलाशय आहेत. वर उद्यानात मुले बागडतात आणि पायांखाली शहराचे पिण्याचे पाणी साठलेले असते! पाणी उंचावर साठविले, की ते उताराने आपोआप खालच्या वस्तीत पोचते. म्हणून एकोणिसाव्या शतकातील स्थापत्यविशारदांनी टेकड्यांची निवड केली. हे पाणी मुंबईत येते कोठून? शहराच्या पाण्याचा फार मोठा वाटा तानसा, भातसा यांसारख्या जलाशयांतून येतो आणि हे दोन्ही जलाशय ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. मुंबईकडे जाणाऱ्या प्रचंड जलवाहिन्या ठाण्यातील वागळे इस्टेट व किसननगर या भागांतूनच पुढे जातात. ज्या नळांजवळून ठाण्याची मुले रोज ये-जा करतात, त्यांचे नाते मुंबईतील अशा टेकड्यांशी जोडलेले आहे, हे किती जणांना माहीत असते? जे शहर बाहेरून येणाऱ्या पाण्यावर आणि बाहेरून येणाऱ्या माणसांवर चालते, ते पाहताना त्याचे वैभव तेवढे पाहून परतणे म्हणजे पुस्तकाचे रंगीत वेष्टन पाहून पुस्तक मिटण्यासारखे आहे.

तेव्हा ज्याला दोन दिवस सवड असेल, त्याने दोन्ही टेकड्या चढाव्यात. पण आधी माझगावची चढावी आणि मग मलबार टेकडीवर जावे. ज्याच्यापाशी एकच दिवस असेल, त्याने माझगावची निवड करावी, हेच अधिक श्रेयस्कर. शहराचे श्रम ज्याने पाहिले, त्याला पुढे केव्हाही त्याची शोभा दिसली, तर ती अधिक उजळ दिसेल. कारण ती कोणाच्या हातांनी घडली, हे तो जाणत असेल. उलट, आधी शोभा पाहून तृप्त झालेला मनुष्य सहसा श्रम पाहावयास जात नाही.

भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघून ठाण्यास आली. चौदा डब्यांच्या त्या गाडीत सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे होते. ते नवी गाडी पाहण्याच्या हौसेने आले होते. आज त्याच मार्गाने रोज लक्षावधी माणसे कामासाठी जातात. माझगावची टेकडी पाहून परतणारे मूल सायंकाळच्या गाडीत बसेल, तेव्हा समोरच्या बाकावर डोळे मिटून बसलेला कामगार त्याला परका वाटणार नाही. आपल्या दप्तरासह थोडे सरकून ते त्याला ऐसपैस बसू देईल. आणि रात्री दमून घरी आलेल्या आईच्या किंवा बाबांच्या हातातील डबा धावत जाऊन आपल्या हाती घेईल. सहलीतून एवढी दृष्टी लाभली, तर टेकडी चढण्याचे श्रम सार्थकी लागले.