खटका, कुलूप आणि बाजार

अमेरिकेत खेळण्यातील बंदूक सदोष निघाली तर ती परत घ्यावयास लावण्याचा अधिकार ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाला आहे. खऱ्या पिस्तुलाबाबत नाही. १९७२ च्या कायद्यानेच बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. हौशी बंदूकधारी या सवलतीचे समर्थन करतात : ग्राहकाला सुरक्षा हवी असेल तर बाजार ती देईलच!

मार्च २००० मध्ये बाजाराने ती देऊ केली. स्मिथ अँड वेसन कंपनीने क्लिंटन सरकारशी करार करून पिस्तुलांना कुलपे बसविण्याचे आणि ती लहान मुलाला सहज चालविता येणार नाहीत अशी घडविण्याचे मान्य केले. तत्क्षणी याच बाजारभक्तांनी बहिष्कार पुकारला. १९८७ मध्ये अकरा कोटींहून अधिक डॉलर मोजून घेतलेली ही कंपनी ब्रिटिश मालकाने २००१ मध्ये दीड कोटीला (कर्जाचा बोजा वेगळा) विकून टाकली.

कुलूप ऐनवेळी अडकेल, ही शंका अगदीच पोकळ नाही. परंतु तिचे उत्तर सक्तीच्या चाचणीत आहे, आणि चाचणी घेऊ शकणाऱ्या आयोगालाच उंबरठ्याबाहेर उभे केले आहे. मूठ दाबल्याशिवाय न उडणारे रिव्हॉल्व्हर हीच कंपनी १८८७ पासून विकत होती. तेव्हा कोणाचे स्वातंत्र्य बुडाले होते?

२००५ च्या कायद्याने तर बंदुकीच्या गैरवापरातून उद्भवणाऱ्या बहुतेक दाव्यांपासून उत्पादकांना अभय दिले. इस्पितळाचे बिल अर्थातच जखमी मुलाच्या घरी जाते.