दिसूनही न दिसणारं

हा अंक भयचित्रकथांचा. चित्रकथा म्हणजे पोरांचा खाऊ, हा समज आपल्या शहरात तरी टिकू नये. इथून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात, सिंहल अवदान या बौद्ध कथेतल्या राक्षसिणी दीड हजार वर्षं भिंतीवर आहेत. आधी देखण्या स्त्रिया, मग माणसं खाणाऱ्या.

अमेरिकी लेखक लव्हक्राफ्ट यांच्या भयकथा अर्जेंटिनाच्या आल्बेर्तो ब्रेच्चांनी १९७० च्या दशकात चित्रांत आणल्या. आम्ही त्या चित्रकथा रात्री वाचल्या आणि दिवा मालवायला धजावलो नाही. ब्रेच्चांच्या पानांवर राक्षस धड दिसतच नाही. शाईचे फराटे, चिकटवलेले कागद, मध्येच एखादा डोळा असावा असा भास. उरलेलं स्वप्नात येतं. लव्हक्राफ्टची छाया आपले मराठी भयकथाकार नारायण धारप यांच्यावरही होती. त्यांची जन्मशताब्दी २०२५ मध्ये झाली. ‘तुंबाड’ या चित्रपटानं (२०१८) त्यांचं नाव नव्या पिढीपर्यंत नेलं. म्हणूनच या अंकात आम्ही मराठी भयकथेकडे चित्रकाराच्या नजरेनं पाहतो आहोत.

धारपांची कोणती कथा आधी चित्रांत यावी, असं तुम्हाला वाटतं? पत्रानं जरूर कळवा, आणि हात चालत असेल तर एखादं पान काढूनच पाठवा.