द्राक्षबागांमधून, सायकलच्या वेगाने

भिलाईत सायकलला कोणी सहलीचे वाहन मानत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून इथे सायकल म्हणजे ड्युटी. हँडलला डबा, कॅरिअरला हेल्मेट आणि शिफ्ट सुटली की गेटबाहेर घंट्यांचा गजर. विदर्भातून येऊन इथे स्थिरावलेली मराठी कुटुंबेही याच सायकलीवर वाढली. पुढे घरात स्कूटर आली, मग मोटार आली आणि सायकल क्वार्टरच्या मागच्या अंगणात गेली. आता ती बाहेर काढायची म्हटले की घरातूनच प्रश्न येतो, "या वयात? लोक काय म्हणतील?"

आमच्या सेक्टरमधल्या एका वहिनींनी परवा वेगळाच प्रश्न विचारला. टीव्हीवर त्यांनी दक्षिण फ्रान्सचा कार्यक्रम पाहिला होता. साठी ओलांडलेली जोडपी द्राक्षमळ्यांमधून आरामात सायकली हाकत चालली होती. "आपल्या लोकांना असे कधी जमेल का हो?" वहिनी म्हणाल्या. यजमान दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. दिवसभर घरात बसून त्यांची चिडचिड होते, डॉक्टरांनी चालायला-फिरायला सांगितले आहे आणि सायकल अंगणात गंजते आहे. प्रश्न सहलीचा दिसत असला तरी खरा प्रश्न संसाराचा होता.

अशा अनेक घरांसाठी माझे उत्तर आहे : जमेल. त्यासाठी पासपोर्टही लागणार नाही. आपला द्राक्षांचा मुलूख नाशिक जिल्ह्यात आहे आणि दुर्गहून नागपूरमार्गे मुंबईला जाणाऱ्या काही गाड्या नाशिक रोडला थांबतात.

फ्रान्समध्ये काय आहे?

आधी त्या फ्रान्सविषयी थोडेसे. तिथे तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राच्या बाजूला जाणारा 'कॅनाल द्यू मिदी' नावाचा कालवा आहे. पिएर-पॉल रिके यांनी १६६६मध्ये हाती घेतलेले हे काम १६८१मध्ये पूर्ण झाले. लांबी सुमारे २४० किलोमीटर. त्या काळी काठावरून चालणारे घोडे दोराने नावा ओढत. आज घोड्यांच्या त्या वाटांवरून सायकली जातात आणि आसपास द्राक्षमळे पसरलेले दिसतात. १९९६मध्ये युनेस्कोने या कालव्याला जागतिक वारसा ठरवले. वाट कालव्याच्या काठची, म्हणून बहुतेक सपाट. साठीच्या जोडप्यांना ती झेपते याचे रहस्य एवढेच.

नाशिकला असा कालवाकाठचा सायकलमार्ग नाही, पण सायकलीचे वेड मात्र आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत अमेरिका ओलांडायची, अशी ही शर्यत. तुम्हाआम्हाला तसले काही करायचे नाही. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, तेही चहासाठी थांबत थांबत, एवढे पुष्कळ झाले.

बाग जवळून पाहताना

मोटारीतून द्राक्षबाग म्हणजे खिडकीतून मागे पळणारी हिरवी भिंत. सायकलवरून वेग ताशी बारा-पंधरा किलोमीटर. त्या वेगाने भिंतीतली माणसे दिसू लागतात.

भिलाईच्या माणसाचे लक्ष अर्थात आधी लोखंडाकडे जाईल. बाग उभी असते ती लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांवर. एकेका एकरात किती लोखंड उभे केले आहे, हे पाहून रोलिंग मिलमधला माणूस मनातल्या मनात वजनाचा हिशेब करू लागतो. हे सारे वेल लावण्याआधीचे किंवा लावतानाचे भांडवल. पीक हाती येते ते त्यानंतर.

फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपी जातो, तेव्हा त्याची एकदा छाटणी होते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरद ऋतूत एकदा काढणी. आपल्याकडच्या उबदार हवेत वेल तसा झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे पुढे घड धरणाऱ्या काड्या तयार व्हाव्यात म्हणून केलेली. आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. तिच्यानंतर साधारण चार महिन्यांनी द्राक्षे तयार होतात. मधल्या काळात घडातले जास्तीचे मणी काढायचे, उरलेल्यांची निगा राखायची, निर्यातीच्या बागेत घडांना कागद गुंडाळायचे. जवळजवळ प्रत्येक घडाला माणसाचा हात लागतो. यांतले बरेच हात पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या येणाऱ्या आदिवासी मजुरांचे असतात, आणि त्यांत बायकांचे पुष्कळ. सायकल थांबवून "राम राम" म्हणा, माणसे बोलतात. मोटारीची काच वर असली की ते होत नाही.

बागेत एखाद्या वेळी निळसर द्रावणाची फवारणी दिसेल. शेतकरी सांगेल, "बोर्डो मारतोय." मोरचूद आणि चुना यांच्या या मिश्रणाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो शहराजवळ मेदोक नावाचा द्राक्षांचा भाग आहे. तिथे रस्त्याने जाणारे येणारे लोक कडेच्या वेलींवरची द्राक्षे खुशाल तोडून खात. वैतागलेल्या बागायतदारांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना फासून ठेवला. हेतू एवढाच, की निळे घड पाहून कोणी हात लावू नये. १८८२मध्ये प्राध्यापक मिलार्दे तिथून जात असता त्यांच्या लक्षात आले, की आतल्या बागेतली पाने केवडा रोगाने गेली आहेत आणि रस्त्याकडेचे निळे वेल मात्र टवटवीत आहेत. प्रयोग करून त्यांनी १८८५मध्ये हे औषध जाहीर केले. बोर्दोचे ते मिश्रण आज निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'बोर्डो' होऊन बसले आहे.

या गोष्टीत सायकलवाल्यांसाठी धडाही आहे. रस्त्याकडेचा घड कितीही खुणावला तरी तोडू नये. तो कोणाची तरी कमाई असतो आणि त्यावर औषधही असते. विकत घ्यावा, धुवावा, मग खावा.

एका रात्रीची गोष्ट

या हिरव्या देखाव्यावर टांगती तलवार असते ती हवामानाची. निफाड हे महाराष्ट्रातल्या सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक. कडाक्याच्या थंडीत मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. त्याहून भीती गारांची. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपिटीने थैमान घातले, त्यात तोडणीला आलेल्या बागा झोडपल्या गेल्या. नोव्हेंबर २०२३च्या अखेरीस पुन्हा अवकाळी पाऊस आणि गारा आल्या आणि निफाड भागातल्या बागांचे मोठे नुकसान झाले. आठ महिन्यांची मेहनत, औषधांचा खर्च, डोक्यावरचे कर्ज, आणि सारे काही पंधरा-वीस मिनिटांत जमिनीवर. काही बागांवर आता प्लास्टिकचे आच्छादन दिसते ते यामुळेच. पण ते घालायलाही पैसा लागतो आणि तो प्रत्येकाकडे नसतो.

कारखान्यात महिन्याच्या महिन्याला पगार घेतलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी हे जवळून पाहावे, असे मला मनापासून वाटते. निवृत्तीनंतर पेन्शन थोडी का असेना, पुढच्या महिन्याची तारीख ठाऊक असते. इथे ती ठाऊक नसलेला माणूस दरवर्षी ऑक्टोबरात पुन्हा कात्री हातात घेतो. फ्रान्सची सहल कितीही सुंदर असली तरी तिथल्या शेतकऱ्याशी आपल्याला हे बोलता येणार नाही. नाशिकला मराठीत बोलता येते.

आता तयारीचे

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. थंडी असते, बागा घडांनी भरलेल्या असतात आणि जानेवारीपासून काढणीही पाहायला मिळते.

पहिला दिवस गंगापूर धरणाच्या बाजूला ठेवा. नाशिक शहरापासून दहा-पंधरा किलोमीटर. याच भागात राजीव सामंत यांनी १९९७मध्ये वाइनची द्राक्षे लावली आणि २०००मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. वाइन कशी तयार होते हे पाहायला अनेक कुटुंबे जातात, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. पाहणे वेगळे आणि पिणे वेगळे. महाराष्ट्रात वाइनसाठीही एकवीस वर्षांची अट आहे, आणि ज्याने ग्लास हाती घेतला त्याने त्या दिवशी सायकल हाती घेऊ नये. नाशिकची बहुतेक द्राक्षे खाण्याची असतात, वाइनची बाग हा त्यातला लहानसा भाग, हेही मुलांना सांगा.

दुसरा दिवस दिंडोरीकडे, पंचवीसेक किलोमीटर. वाटेत बागाच बागा. तिसऱ्या दिवशी चांदोरी-सायखेड्याकडून नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या या जलाशयाला २०२०मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून मान मिळाला. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. हे अंतर चाळीसेक किलोमीटरचे आहे, तेव्हा मुक्काम निफाडला करावा. मुंबई-आग्रा महामार्ग शक्यतो टाळावा. गावागावांतून जाणारे रस्ते थोडे लांब पडले तरी तेच चांगले.

सायकल रेल्वेत लगेज म्हणून बुक करून ब्रेकव्हॅनमधून नेता येते. ते जिकिरीचे वाटले तर नाशिकला भाड्याने मिळेल का, याची आधी चौकशी करावी. पंक्चरचे सामान, हातपंप, पुढे-मागे दिवे, दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे आणि एक शाल. हेल्मेट हवेच, कारखान्याचे नव्हे, सायकलीचे. बायकांनी सलवार-कमीज घालताना ओढणी नीट बांधावी, चेनमध्ये अडकते. गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

सराव मात्र भिलाईतच. दीड महिना आधी सायकल दुरुस्त करून घ्या. पहिला आठवडा सेक्टरमधल्या झाडांच्या रस्त्यांवर अर्धा तास, मग मैत्री बागेपर्यंत, मग एखाद्या रविवारी पहाटे दुर्गजवळच्या शिवनाथ नदीपर्यंत जाऊन परत. नाशिकला भिलाईपेक्षा चढउतार जास्त, म्हणून एखाद्या उड्डाणपुलावर चढण्याचाही सराव करावा. चढ झेपला नाही तर उतरून सायकल हातात धरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

आणि दोघांनी मिळून जावे. एकाने मागे राहून दुसऱ्याची काळजी करत बसण्यापेक्षा दोन सायकली बऱ्या. परत येताना बागेतूनच द्राक्षांची एक पेटी घ्या. भाव करायचा तर जरूर करा, पण त्याआधी यंदाचा हंगाम कसा गेला एवढे विचारा. जाऊन आलात की मला कळवा.